मुरकुंडी

मिर्टेल हसायची बंद झाली
हे माझ्या लक्षात आलं, पण उशिरा.
वाटलं, बारावं लागलंय,
बापाचे विनोद आता शिळे व्हायचेच.
तसे ते शिळेच होते.
पाद्री, बोकड आणि फुटकी होडी,
सात वर्षं तेच,
आणि सात वर्षं तिची तीच मुरकुंडी,
डोळ्यांच्या पांढऱ्यातली जन्माची निळाई
पाण्याने डबडबलेली.

हाडं तिची मोडत.
मोजणं आम्ही सव्विसाव्याला सोडलं.
मांडी, मनगट, पुन्हा तीच मांडी,
एकदा नुसती शिंक, आणि बरगडी.
मोडण्याला आवाज असतो, तारीख असते,
प्लास्टरवर वर्गातल्या मुलींच्या सह्या असतात.
मोडण्याची मला सवय होती.

तार्तूला गेलो ते दातांसाठी.
हीउमा बेटावरून पहाटेची बोट, मग मोटार,
मागच्या सीटवर उशांच्या घरट्यात ती.
दात मधाच्या रंगाचे, कडांना झिजलेले.
काडाक बाईंनी डोक्याचा फोटो घेतला, एका बाजूने.
दातांबद्दल बोलायला लागल्या
आणि वाक्य अर्ध्यावर ठेवून
पट्टी शोधू लागल्या.

टाळूच्या मागच्या टोकापासून
कवटीच्या तळापर्यंत एक रेघ.
मानेच्या दुसऱ्या मणक्याला सुळका असतो, म्हणाल्या,
जात्याच्या मधल्या आसासारखा.
त्याच्याभोवती डोकं फिरतं,
नाही म्हणताना, रस्ता ओलांडताना,
मागून कोणी हाक मारली की.
तो रेघेपाशीच राहायला हवा.
तो वर होता. नऊ मिलिमीटर.
मेंदू जिथे देठासारखा निमुळता होत
पाठीत उतरतो,
त्या दारात उभा.

"चढला कसा?" मी विचारलं.
चोराबद्दल विचारावं तसं.
"चढला नाही," त्या म्हणाल्या,
"तो आपल्या जागी आहे.
कवटीचा तळ मऊ, आणि वर डोक्याचं ओझं,
रोजचं, दिवसभराचं.
डोकंच खाली बसत गेलंय त्याच्यावर."

मग मला नाही, तिला विचारलं,
खोकल्यावर दुखतं? इथे, मागे?
"थोडं."
खिडकीबाहेर कोणीतरी सायकलचं कुलूप काढत होतं.
ते निघेपर्यंत ती थांबली.
"हसल्यावर जास्त," ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता.

थंडीत समुद्र गोठला की
बेटापासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत वाट आखायचं काम माझं.
भोक पाडायचं, जाडी मोजायची, फांद्या रोवायच्या.
बर्फ तडकला तर मैलभर ऐकू येतं.
पण गाडीखाली तो वाकतो,
प्रत्येक गाडीखाली, निमूट,
आणि चालवणाऱ्याला कळतसुद्धा नाही.
हे मी नव्या पोरांना दरवर्षी शिकवतो.
दरवर्षी. तोंडाने.

कोलांटी नाही. मान झटकायची नाही.
सहा महिन्यांनी पुन्हा त्या घरघरणाऱ्या नळीत.
पुढेमागे कदाचित पट्टी आणि स्क्रू,
आज नाही.
कागदावर सगळं लिहून दिलं.
हसण्याबद्दल त्यात काही नव्हतं,
मी दोनदा वाचला.

परतीच्या बोटीत ती म्हणाली,
"बोकडाचं सांग."
मी म्हटलं, नको.
"सांग. हळू सांग."
मी सांगितलं, हळू,
पाद्री होडीत चढला तिथपर्यंत,
आणि पुढे जिभेला शब्दच वळेना.
तेव्हा शेवट तिनेच सांगितला,
बोटीची वेळ जाहीर करावी तशा सपाट आवाजात,
हनुवटी दोन्ही तळव्यांवर तोलून.

आणि मला, काय सांगू,
मला हसू फुटलं.
पोट धरून, बाकावर आडवं होईस्तोवर.
समोरच्या म्हाताऱ्याने पेपर खाली केला.
मान जरासुद्धा न हलवता
ती माझ्याकडे बघत राहिली,
जपून,
मला कुठे दुखतंय का ते.